तीन भावांत आठ एकर: चुंबकांची टंचाई आणि मराठवाड्यातली काळी भुकटी

लातूरच्या कुठल्याही अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये रेडॉक्सचा धडा सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. मॅग्नेटाइट हा लोखंडाचा काळा ऑक्साइड. त्यात लोखंडाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. तर लोखंडाचा ऑक्सिडेशन नंबर किती? पोरं चुटकीसरशी गणित मांडतात. चार ऑक्सिजनचे मिळून उणे आठ, म्हणजे तीन लोखंडांचे मिळून अधिक आठ. आठ भागिले तीन. गोल काळा करायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.

मार्क मिळतात, पण गोष्ट अर्धीच राहते. कारण त्या दगडात असा एकही अणू नसतो ज्याचा नंबर आठ-तृतीयांश आहे. उरलेली अर्धी गोष्ट नीट कळली, तर तुमचा मोबाइल चार्जर का चालतो ते कळतं, २०२५ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरच्या कंपन्या चीनकडे डोळे लावून का बसल्या ते कळतं, आणि मराठवाड्यातल्या छोट्या महाविद्यालयांमध्ये वर्षानुवर्षं एक काळी भुकटी का भाजली जाते, तेही कळतं.

सातबाऱ्यावर आठ-तृतीयांश नसतो

तीन भावांत मिळून आठ एकर जमीन आहे, असं समजा. सरासरी काढली तर प्रत्येकी पावणेतीन एकरांच्या आसपास येईल. पण तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढला तर दिसतं की दोघांच्या नावावर तीन-तीन एकर आहेत आणि एकाच्या नावावर दोन.

मॅग्नेटाइटमध्ये नेमकं हेच आहे. तीनपैकी दोन लोखंडांनी तीन-तीन इलेक्ट्रॉन गमावलेत, त्यांना आपण फेरिक म्हणतो. एकाने दोनच गमावलेत, तो फेरस. एकाच धातूचे अणू एकाच संयुगात दोन वेगवेगळ्या संयुजा घेऊन राहतात, म्हणून ही मिश्र-संयुजा संयुगं.

आता यातली गंमत. या तीन भावांपैकी एक फेरिक वेगळ्या वाड्यात राहतो. स्फटिकात त्याच्याभोवती चार ऑक्सिजन असतात. उरलेले दोघे, म्हणजे एक फेरिक आणि एक फेरस, शेजारी-शेजारी एकसारख्या घरांत राहतात. त्यांच्याभोवती सहा-सहा ऑक्सिजन. घरं सारखीच असल्यामुळे फेरसकडचा जादा इलेक्ट्रॉन टुणकन शेजारच्या घरात जाऊ शकतो. तो गेला की कालचा फेरस आज फेरिक होतो आणि शेजारी फेरस. दोन एकरवाला कोण आणि तीन एकरवाला कोण, हे सतत बदलत राहतं.

इलेक्ट्रॉनची ही ये-जा म्हणजेच वीज वाहणं. म्हणूनच मॅग्नेटाइटमधून वीज बऱ्यापैकी जाते. लाल गंजात सगळे लोखंड फेरिक, तिथे अशी अदलाबदल नाही, आणि म्हणून गंज विजेला जवळपास अडवूनच धरतो. धातू तोच, ऑक्सिजन तोच, फरक फक्त वाटणीचा.

चुंबकत्वाचा हिशोबही वाटणीतच दडलाय. प्रत्येक लोखंडी अणू हा एक बारीकसा चुंबक असतो. फेरिकची ताकद पाच एकक धरली तर फेरसची चार. वेगळ्या वाड्यातला फेरिक एका दिशेला खेचतो, शेजारी राहणारे दोघे विरुद्ध दिशेला. रस्सीखेच बघा: एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच अधिक चार. पाचाने पाच कटले, उरले चार. म्हणजे आपल्या हाताला जो ओढा जाणवतो, तो हिशोबाने एकट्या फेरसचा. अशा अर्धवट कटणाऱ्या चुंबकत्वाचं कोडं फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४८ मध्ये सोडवलं आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग प्रयोगशाळेत मोजल्यावर काय दिसतं? लोखंडाची संयुजा तपासण्याची सगळ्यात भरवशाची एक पद्धत म्हणजे मॉसबाउअर वर्णपटमिती. त्यात गॅमा किरण सोडून प्रत्येक जागेवरच्या लोखंडाला जणू हजेरी द्यायला लावतात. साध्या तापमानाला मॅग्नेटाइटची हजेरी घेतली की वेगळ्या वाड्यातला भाऊ चोख 'तीन' म्हणतो. पण शेजारचे दोघे? ते दोघेही 'अडीच' म्हणतात. कारण हजेरी घ्यायला सेकंदाचा साधारण दहा कोटीवा हिस्सा लागतो आणि इलेक्ट्रॉन त्याहून जलद इकडून तिकडे पळतो. यंत्राला पळता पंखा दिसतो, पाती दिसत नाहीत. म्हणजे अपूर्णांक खराच असतो, फक्त तो क्लासमधला आठ-तृतीयांश नाही. तो अडीच आहे, आणि तोही तिघांपैकी दोघांचाच.

हा पंखा बंदही पडतो. मॅग्नेटाइट उणे दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलं की इलेक्ट्रॉनची पळापळ गोठते आणि वीज अडवण्याची ताकद एकदम शंभरेक पटींनी वाढते. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या एव्हर्ट फेरवे यांनी १९३९ मध्ये हे मांडलं. गोठल्यावर इलेक्ट्रॉन नेमके कसे मांडलेले असतात, याचं नीट चित्र मिळायला मात्र २०१२ साल उजाडलं. तेव्हा कळलं की गोठलेला इलेक्ट्रॉन एकाच घरात मुकाट बसत नाही, तीन-तीन लोखंडांच्या ओळीत थोडाथोडा वाटला जातो. इतक्या साध्या दगडाने सत्तरेक वर्षं शास्त्रज्ञांना झुलवलं.

पायाखाली काय आहे?

हे सगळं कुठल्यातरी परदेशी प्रयोगशाळेतलं वाटत असेल तर जुन्या स्पीकरमधला चुंबक काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मांजरा किंवा गोदावरीच्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळे बारीक कण चिकटतील. ते मॅग्नेटाइट आणि त्याचा टायटेनियम मिसळलेला भाऊबंद. आपल्या काळ्या बेसॉल्ट दगडात ते कण असतात, दगड झिजला की नदीत येतात.

आणि दगडाला आपल्याकडे तोटा नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा वरचे ३३८ मीटर निव्वळ लाव्हाचा दगड लागला. त्याखाली गाळाचा पातळसा थर आणि मग कितीतरी जुना पाया. नांदेडच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे जाल तसा हा काळा थर संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो.

लाव्हा थंड होताना त्यातले हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकी दिशेला तोंड करून बसले आणि तसेच राहिले. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या तिघांनी खंडाळ्यासारख्या ठिकाणांहून दख्खनचे दगड नेऊन ही दिशा मोजली. दिशा आजच्या भारताच्या जागेशी जुळेना. हा दगड थंड झाला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असा त्याचा अर्थ निघत होता. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांना पटत नव्हतं. पटवणाऱ्या पुराव्यांमध्ये आपला काळा दगड पहिल्या काहींपैकी होता.

फेरसला बाहेर काढा

आता बातमीकडे येऊ, पण त्याआधी एक पायरी.

मॅग्नेटाइटमधून वीज वाहते हा गुण आहे तसा दोषही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात तुम्हाला चुंबकत्व हवं असतं, वीज नको असते. गाभ्यात वीज फिरली की तो तापतो आणि ऊर्जा वाया जाते. आजचा मोबाइल चार्जर सेकंदाला हजारो-लाखो वेळा प्रवाह चालू-बंद करतो. तिथे साधा लोखंडी गाभा ठेवला तर चार्जर इस्त्री होईल.

उपाय असा: दोन एकरवाल्या फेरसच्या जागी दुसरा कुणीतरी दोन एकरवाला बसवा. निकेल, जस्त, मँगनीज, कोबाल्ट. हे पाहुणे आपले दोन एकर शेजाऱ्याशी सहसा बदलत नाहीत. अदलाबदल थांबली की वीज थांबली, चुंबकत्व मात्र राहिलं. या कुटुंबाला फेराइट म्हणतात. १९३० मध्ये टोकियोत काटो आणि ताकेई यांनी ही वाट शोधली आणि १९३५ मध्ये त्यातून टीडीके ही कंपनी उभी राहिली. हो, तीच कॅसेटवाली टीडीके.

चार्जरच्या आत मँगनीज-जस्त फेराइट असतं. लॅपटॉपच्या वायरवर जो जाडसर गोळा असतो, त्यात बहुतेक वेळा निकेल-जस्त फेराइट. वरातीतल्या डीजेच्या स्पीकरमागची काळी चकती म्हणजे स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमचं फेराइट. ते वेगळ्या घडणीचं आणि कायम चुंबक राहणारं, पण लोखंडाचाच ऑक्साइड.

खरी मेख भट्टीत आहे. तेराशे अंशांच्या आसपास फेराइट भाजताना थोडा ऑक्सिजन उडून जातो आणि काही फेरिक अणू पुन्हा फेरस होतात. निकेल-जस्तमध्ये हे झालं तर माल वाया. मँगनीज-जस्तमध्ये मात्र थोडा फेरस हवाच असतो, कारण योग्य प्रमाणात असला तर चुंबकाची दिशा सहज पलटते आणि नुकसान घटतं. जास्त झाला की वीज वाहायला लागते. म्हणून कारखान्यात थंड करताना भट्टीतला ऑक्सिजन अंश-अंशाने सांभाळतात. भाकरी भाजणाऱ्या बाईला तव्याचा अंदाज असतो, तसा हा अंदाज. चांगलं फेराइट आणि भंगार यांच्यात अनेकदा एवढाच फरक असतो.

गुंजोटीची भुकटी

धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात, लातूरच्या सीमेपासून जवळ, गुंजोटी नावाचं गाव आहे. १९९३ च्या भूकंपात किल्लारीबरोबर हा तालुकाही मोडून पडला होता. त्या गुंजोटीच्या श्रीकृष्ण महाविद्यालयाचं नाव आंतरराष्ट्रीय नियतकालिकांमधल्या फेराइटवरच्या शोधनिबंधांवर दिसतं. जिंतूरच्या महाविद्यालयाचं दिसतं. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग तर या विषयाचं माहेरच म्हणावं असा. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये याच विद्यापीठातून वेगळं झालं, लातूरला त्याचा उपपरिसर आहे. तेव्हा विषयही भावकीसारखा वाटला गेला, यात नवल नाही.

फेराइटच का? माझ्या मते उत्तर खिशात आहे. सेमीकंडक्टरवर काम करायचं तर निर्वात यंत्रं लागतात, स्वच्छ खोल्या लागतात. फेराइटला काय लागतं? लोखंड, निकेल, जस्त यांची नायट्रेटं पाण्यात विरघळवायची. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल घालायचं. अमोनियाने आंबटपणा मारायचा आणि ढवळत तापवायचं. पाणी आटतं, खाली चिकट जेली राहते, आणखी तापली की ती आपोआप पेट घेते आणि भुरभुरीत काळपट राख उरते. ती राख म्हणजेच फेराइट. मग काही तास भट्टीत. एक हॉटप्लेट, एक भट्टी आणि चिकाटी असली की तालुक्याच्या गावीही पीएचडीचं काम सुरू होतं.

भुकटी झाली की पंचाईत सुरू होते. तिच्यात कुठला अणू कुठल्या घरात बसलाय, फेरस किती राहिलाय, हे कळल्याशिवाय निबंध पुरा होत नाही. मॉसबाउअरच्या यंत्राला किरणोत्सारी कोबाल्टचा स्रोत लागतो. त्याची ताकद सुमारे २७२ दिवसांत निम्मी होते, म्हणजे तो पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो, शिवाय परवानग्या वेगळ्या. तालुक्याच्या महाविद्यालयाला हे पेलणारं नाही. म्हणून नमुने पाकिटात बांधून बाहेर जातात. इंदूरला यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमची प्रयोगशाळा आहे, ती देशभरातल्या विद्यापीठांच्या संशोधकांसाठीच उभी केलेली. अशा ठिकाणी वेळ मागायचा आणि नंबर लागायची वाट बघायची.

या पद्धतीचा एक तोटा स्पष्ट बोलला पाहिजे. मोजणं दूर असलं की माणूस मोजायला सोपं तेच करत राहतो. निकेलच्या जागी थोडा तांबं घाल, मग आणखी थोडं, पाच नमुने, पाच आलेख, एक निबंध. पुढच्या वर्षी तांब्याऐवजी मॅग्नेशियम. देशभर असे निबंध ढिगाने निघतात आणि पदोन्नतीच्या गुणांशिवाय त्यांतल्या कितीकांचा पुढे उपयोग होतो, हा प्रश्न रास्त आहे. पण दोष भुकटी भाजणाऱ्या पोरांच्या माथी मारून चालणार नाही. भुकटीपासून वस्तू बनवण्याची पुढची पायरी त्यांच्यासमोर कुणी ठेवलेलीच नाही.

मग चीन कुठून आला?

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्यापासून बनलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. यादीत डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरमधला निओडिमियम चुंबक तापला की ढेपाळतो, ते होऊ नये म्हणून हे दोन धातू त्यात चिमूटभर घालतात. जगातले असे ९० टक्क्यांच्या आसपास चुंबक चीनमध्येच बनतात. जुलैत बजाज ऑटोने सांगितलं की पुरवठा सुधारला नाही तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन ठप्प होऊ शकतं. चिमूटभर धातूसाठी अख्खी गाडी अडली.

तेव्हापासून एक वाक्य फिरतंय: दुर्मीळ धातू नकोत, फेराइट वापरा, लोखंड तर आपल्याकडे पोत्याने आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओला इलेक्ट्रिकने आपल्या फेराइट मोटरला सरकारी प्रमाणपत्र मिळाल्याचं जाहीर केल्यावर या वाक्याला आणखी बळ आलं.

वाक्य अर्धंच खरं आहे. चुंबकात किती ऊर्जा साठते या मापावर निओडिमियम फेराइटच्या जवळपास दहापट भरतो. फेराइटची मोटर बनते, पण तेवढ्याच कामाला चुंबक जास्त लागतो, मोटरची रचना बदलावी लागते, वजन सांभाळावं लागतं. घरच्या पंख्यात किंवा गाडीच्या वायपरमध्ये जागा असते, तिथे फेराइट आधीपासून आरामात बसलाय. स्कूटरच्या चाकात जागेची मारामारी असते.

फेराइट सुधारायचा तर पुन्हा संयुजेचाच हिशोब आडवा येतो. स्पीकरमागच्या चकतीतले लोखंड सगळे फेरिक असतात. चुंबक जास्त हट्टी करायला त्यात स्ट्रॉन्शियमच्या जागी थोडा लँथेनम घालतात. पण स्ट्रॉन्शियम दोनचा, लँथेनम तीनचा. एक जास्त आला म्हणजे कुठेतरी एक कमी व्हायला हवा, नाहीतर एक फेरिक गुपचूप फेरस होऊन हिशोब मिटवतो. म्हणून लँथेनमबरोबर दोनवाला कोबाल्टही घालतात. आजचे सगळ्यात दमदार फेराइट चुंबक असे बनतात. आणि लँथेनम? तोही दुर्मीळ मृदा धातूच. मुबलक आहे, स्वस्त आहे, पण त्याच कुळातला.

सरकारने २६ नोव्हेंबर २०२५ ला ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन दुर्मीळ मृदा चुंबक देशात बनवायचे. गरज आहे, वाद नाही. पण हा खेळ मोठ्या भांडवलाचा. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांची तिथे डाळ शिजणार नाही.

त्यांची जागा दुसरीकडे आहे, असं मला वाटतं. त्याच वर्षी मार्चमध्ये इलेक्ट्रॉनिक घटकांसाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना आली. तिच्यात पॅसिव्ह घटक म्हणून ओळखले जाणारे साधे, बारके भागही आहेत. चार्जर, सौर इन्व्हर्टर, एलईडी दिव्यांच्या आतलं तारेचं वेटोळं त्याच जातीचं, आणि त्याचा गाभा फेराइटचा. इथे स्पर्धा ताकदवान चुंबकाची नाही. इथे प्रश्न आहे भट्टीतून निघालेल्या कड्यात फेरस किती उरला, आणि तो दर खेपेला तेवढाच उरतो का. नांदेड-लातूर-उमरग्याच्या पोरांनी ज्यावर प्रबंध लिहिलेत, तो हाच प्रश्न.

त्यासाठी लगेच मॉसबाउअर लागत नाही. भुकटी दाबून कडं करायचं, भाजायचं, त्यावर तांब्याची तार गुंडाळायची आणि लाखभर हर्ट्झला किती ऊर्जा वाया जाते ते मोजायचं. मोजमापाची यंत्रं अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात असतात, ती बऱ्याचदा त्याच गावात, फार तर शेजारच्या तालुक्यात. खर्चाची गोष्ट आहे ती नायट्रोजनवर चालणाऱ्या, ऑक्सिजन सांभाळणाऱ्या भट्टीची. अशी एक भट्टी नांदेडला विष्णुपुरीच्या आवारात किंवा लातूरच्या उपपरिसरात बसली आणि संलग्न महाविद्यालयांना पाळीपाळीने मिळाली, तर पाकीट इंदूरला जाण्याआधीच कळेल की कडं विकण्याजोगं आहे की नाही.

केंद्राच्या संशोधन प्रतिष्ठानची, म्हणजे एएनआरएफची, 'पेअर' ही योजना विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडते. तिचा भर विद्यापीठांवर आहे. फेराइटचं काम मात्र बरंचसं विद्यापीठाच्या दारापासून शंभर किलोमीटर लांब, तालुक्याच्या गावात चाललंय. विद्यापीठाला पैसे मिळाले, तरी ते दाराबाहेर पडून एसटी स्टँडच्या पुढे पोचतात का, यावर बरंच अवलंबून आहे.